बिकणांचे प्लास्टिक: पीठ वैशाखात, फिल्म दिवाळीनंतर

मे महिन्यात गोव्यातल्या सत्तरी-फोंड्याच्या कुळागरांत (सुपारी-नारळाच्या बागांत) फणस झाडाखाली पडून कुजतात. त्यांतली बिकणां, म्हणजे आठळ्या, उचला. कोंब आलेली नकोत, त्यांतला काही स्टार्च साखरेत गेलेला असतो. वरचे साल आणि आतला तपकिरी पापुद्रा खरवडून भरपूर पाण्यात मिक्सरला वाटा, फडक्यातून गाळा आणि रात्रभर ठेवा. वरचे पाणी ओतून तळाचा पांढरा साका दोनतीनदा धुवा, वैशाखाच्या उन्हात कडकडीत वाळवा, हे पीठ घट्ट झाकणाच्या बरणीत भरा.

आता थांबा. फिल्म, म्हणजे या पिठाचा प्लास्टिकसारखा पातळ पापुद्रा, दिवाळीनंतरच करायची.

असे प्लास्टिक घरी करायला शिकवणाऱ्या व्हिडिओंमध्ये कोणी हे सांगत नाही, आणि मला सगळ्यांत जास्त छळले ते यानेच. फिल्म लवचीक राहते ती ग्लिसरिनमुळे, आणि ग्लिसरिन हवेतला ओलावा ओढते. गोव्याच्या पावसाळ्यात ती कितीही दिवस ठेवा, चिकटच राहते आणि तिच्यावर बुरशी धरते. कोरडे पीठ मात्र बरणीत महिनोन्महिने टिकते.

प्रमाण: पीठ 20 ग्रॅम, पाणी 200 मिली, ग्लिसरिन 6 ग्रॅम, पांढरे व्हिनेगर दोन चमचे. ग्लिसरिन वजनावरच घ्या, अंदाजाने ओतू नका. मंद आचेवर सतत ढवळा. दुधासारखे पाणी दाट होऊन काचेसारखे अर्धपारदर्शक झाले की आणखी पाच मिनिटे शिजवा. कच्चे राहिलेले पांढरे ठिपके जिथे दिसतील, तिथेच फिल्म तडकते.

तेलाचा हात फिरवलेल्या स्टीलच्या ताटात तीन मिलिमीटर थर पसरा, बुडबुडे सुईने फोडा.

ताट उन्हात ठेवू नका! वरची कातडी आधी सुकते, खालचे पाणी अडकते, कडा वळतात आणि मधोमध भेग पडते. सावलीत, खोलीतला पंखा हळू सोडून दोनतीन दिवस सुकू द्या. थराची कड बोटाने सहज सुटू लागली की काढा. ठिसूळ झाली तर पुढच्या वेळी ग्लिसरिन 7 ग्रॅम, चिकट राहिली तर 5. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय चुकले ते कधीच कळणार नाही. ‘मऊ हवी तर ग्लिसरिन दुप्पट घाला’ हा सल्ला सरळ सोडून द्या.

ही फिल्म पाण्यात फुगते. बियाण्यांच्या पुड्या, कोरड्या वस्तूंची वेष्टने यांना ती उत्तम. आमटी-भाजी बांधायला अजिबात नाही. शिवाय ‘कंपोस्टेबल’ म्हणून विकायची असेल तर आयएस 17088 मानकाची चाचणी आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. त्याशिवाय तो शब्द पिशवीवर छापू नका.

उरलेल्या फिल्म मिरग लागायच्या आत, मध्ये कोरडा कागद घालून हवाबंद डब्यात ठेवा.