जिवंत पेशीचा रामन स्पेक्ट्रम घेताना: नव्याने येणाऱ्यांसाठी

रामन सूक्ष्मदर्शीवर (लेझरचा विखुरलेला प्रकाश तरंगलांबीनुसार मोजून रेणू ओळखणाऱ्या यंत्रावर) नव्याने आलेले विद्यार्थी बहुधा लगेच पेशीचा स्पेक्ट्रम घेतात आणि शिखरांना नावं द्यायला बसतात. हा क्रम बदलावा, असं आमचं ठाम मत आहे. पहिले काही दिवस पेशी सोडून बाकी सगळ्याचे स्पेक्ट्रम घ्या: पेशी ठेवायची रिकामी चकती, तिच्यावर नुसतं पीबीएस (पेशी धुण्याचं फॉस्फेटयुक्त खारं द्रावण), पेशी वाढवायचं नुसतं माध्यम, आणि लेझर बंद ठेवून डिटेक्टरचा स्वतःचा संकेत. पेशीवर पडणाऱ्या प्रकाशकणांपैकी ढोबळमानाने कोटीत एखादाच, रेणूच्या कंपनाला थोडी ऊर्जा देऊन, रामन पद्धतीने विखुरतो. इतक्या क्षीण संकेतात काच, पाणी आणि प्रतिदीप्ती (रेणूंनी प्रकाश शोषून सोडलेली चमक) सहज मिसळतात. त्यांची ओळख आधी झाली नसेल, तर तीच पेशीची रसायनं वाटू लागतात.

या पद्धतीची खरी किंमत अशी, की पेशीला रंगवावं लागत नाही, मारावं लागत नाही. रामन परिणाम १९२८ साली कोलकात्यात सापडला, पण एकेकट्या जिवंत पेशीत डोकावायला १९९० उजाडलं. नेदरलँड्समधल्या ज्या गटाने ते केलं, त्यांनी ६६० नॅनोमीटरचा तांबडा लेझर मुद्दाम निवडला होता, कारण ५१४.५ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात नमुना बिघडत होता. लेझरची निवड आजही याच पेचापासून सुरू होते. ५३२ वर रामन संकेत ७८५ च्या साधारण पावणेपाच पट मिळतो, पण पेशीतल्या फ्लेविनसारख्या रेणूंची प्रतिदीप्ती आणि पेशीला होणारी इजा दोन्ही वाढतात. ७८५ वर पार्श्वभूमी शांत असते, मात्र कार्बन-हायड्रोजन बंधांचा २८०० ते ३०५० चा पट्टा (शिखरांचे आणि पट्ट्यांचे सगळे आकडे प्रति सेंटिमीटर, लेझरचे मात्र नॅनोमीटर) हजार नॅनोमीटरच्या पलीकडे जातो आणि तिथे सिलिकॉनचा सीसीडी (प्रकाश टिपणारा डिटेक्टर) जवळपास आंधळा असतो. मेदाचे थेंब पाहायचे असतील तर ही अडचण मोठी आहे. सायटोक्रोम (पेशीच्या श्वसनातलं लोहयुक्त प्रथिन) पाहायचं असेल तर ५३२ च घ्या. अनुनादामुळे (लेझरचा रंग रेणूच्या शोषणाशी जुळल्याने) ७५०, ११२८ आणि १५८५ ची शिखरं तिथे ठळक उठतात.

पेशी कशावर वाढवता, यावर निम्मं यश ठरतं. साध्या काचेवर ७८५ चा लेझर टाकलात की १४०० च्या आसपास एक रुंद उंचवटा येतो आणि पेशीची शिखरं त्यावर बसतात. तो नंतर गणिताने पूर्ण निघत नाही. क्वार्ट्झ बरा, पण त्याचे पट्टे ४९० आणि ८०० च्या आसपास असतात, म्हणजे डीएनएच्या ७८५ च्या शिखराला खेटून. कॅल्शियम फ्लोराइडचं मात्र ३२१ वर एकच शिखर, पुढे मैदान मोकळं. ही चकती महाग असते आणि तापमानाच्या झटक्याने तडकते, म्हणून ती ऑटोक्लेव्ह करू नका (दाबाच्या वाफेत निर्जंतुक करू नका). ७० टक्के इथेनॉल आणि मग अतिनील प्रकाश पुरे. आम्लाने धुऊ नका. पेशी नीट चिकटत नसतील तर पॉली-लायसिनचा पातळ थर द्या आणि त्या थराचाही कोरा (पेशीविना) स्पेक्ट्रम घेऊन ठेवा.

माध्यमातलं फिनॉल रेड (आम्लता दाखवणारा रंग) आणि रायबोफ्लेविन (जीवनसत्त्व बी२) चमकतात. म्हणून मोजण्याआधी पेशी दोनदा कोमट पीबीएसने धुवा. हे पीबीएस कॅल्शियम-मॅग्नेशियमयुक्त हवं, नाहीतर चिकटलेल्या पेशी सुटू लागतात. कार्बन डायऑक्साइडचा पुरवठा नसेल तर फिनॉल रेडविरहित माध्यमात २५ मिलिमोलर हेपीस (आम्लता स्थिर ठेवणारं द्रव्य) घाला, पण त्याचीही स्वतःची शिखरं असतात हे विसरू नका. पाण्यात बुडणारं ६० पट भिंग वापरा. कोरडं भिंग पाण्यातून पाहताना फोकस पसरतो आणि संकेत गळतो.

रोज सकाळी लेझर अर्धा तास तापू द्या, मग सिलिकॉनचं ५२०.५ चं शिखर तपासा. जागेबरोबर उंचीही लिहा. जागा बरोबर असून उंची घसरली असेल तर दोष बहुधा प्रकाशमार्गाच्या जुळणीत असतो. लेझरची शक्ती सॉफ्टवेअरमधल्या टक्क्यांवरून धरू नका, भिंगाखाली पॉवर मीटर ठेवून मोजा. सुरुवातीला ५३२ वर एक-दोन मिलिवॉट आणि ७८५ वर वीस-तीस मिलिवॉट ठेवावेत.

मग एकाच जागी सलग दहा स्पेक्ट्रम घ्या. पार्श्वभूमी हळूहळू उतरत असेल तर ठीक, प्रतिदीप्ती विझते आहे. १००४ चं फिनिलॲलनिनचं शिखर खचलं तर पेशी सरकली किंवा फोकस ढळला. पण १३५० आणि १५८० च्या आसपास दोन रुंद ढिगारे वर आले तर ती पेशी जळून कोळसा झाली आहे. ते पट्टे कार्बनचे. या ढिगाऱ्यांना प्रथिनं किंवा न्यूक्लिक आम्लं समजणं ही नवख्यांची फार घातक चूक आहे. एक-दोन पिक्सेल रुंदीचा उंच काटा आला तर तो वैश्विक किरणाचा, म्हणून प्रत्येक बिंदूवर किमान दोन वाचनं घ्या.

नकाशा काढताना गणित आधी करा. ३० बाय ३० मायक्रोमीटरची चौकट, एक मायक्रोमीटरचं पाऊल आणि प्रत्येकी एक सेकंद म्हणजे ९०० बिंदू, निव्वळ १५ मिनिटं. तेवढ्यात जिवंत पेशी आकार बदलते. आधी आणि नंतर साध्या प्रकाशातलं चित्र घ्या, नाहीतर सरकलेलं पेशीपटल तुम्ही रासायनिक फरक म्हणून छापाल.

एका शिखरावर कधीच निष्कर्ष काढू नका. १६५५ वर प्रथिनांचा अमाइड-एक (त्यांच्या साखळीतल्या बंधांचा पट्टा) आणि मेदातला दुहेरी बंध दोन्ही येतात, आणि पाण्याचा १६४० चा पट्टा खालून असतोच. मेद वाढलं म्हणायचं असेल तर २८५० आणि १४४० नेही तीच साक्ष द्यायला हवी. डीएनए म्हणायचं असेल तर ७८५ सोबत १०९५ पाहा.

विश्लेषणात काटे काढणं, कोरा स्पेक्ट्रम वजा करणं, आधाररेषा (शिखरांखालची पार्श्वभूमी) काढणं आणि शेवटी प्रमाणीकरण (सगळे स्पेक्ट्रम एकाच मापावर आणणं), हा क्रम ठेवा. आधाररेषेसाठी वरच्या घाताची बहुपदी टाळा, कारण टोकांना ती खोटी शिखरं निर्माण करते. आणि पेशी वाढवलेल्या एका थाळीतले पन्नास स्पेक्ट्रम म्हणजे पन्नास स्वतंत्र नमुने नव्हेत. वर्गीकरणाची कसोटी घेताना अख्खी थाळी किंवा अख्खा दिवस बाजूला ठेवा. सुटे स्पेक्ट्रम वगळून मिळालेली ९५ टक्के अचूकता नव्या थाळीवर कोसळते.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने आधी काही आठवडे पेशीसंवर्धन शिकावं, जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रकाशमार्ग हाताने जुळवून पाहावा, आणि दोघांनी पायथन शिकावं. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात) मुखकर्करोगावर रामनचं काम झालं आहे. महाराष्ट्रात राहून या विषयाची वैद्यकीय बाजू समजून घ्यायची असेल तर तिथले शोधनिबंध वाचा. प्रयोगशाळा निवडताना यंत्र कुठल्या कंपनीचं, यापेक्षा आठवड्यात यंत्राचे किती तास मिळतील आणि संवर्धनाची खोली किती लांब आहे, हे विचारा. ७८५ चा प्रकाश डोळ्याला अगदी मंद दिसतो, म्हणून लोक चष्मा काढतात. इजा मात्र पूर्ण शक्तीनेच होते, त्यामुळे त्या तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा घातल्याशिवाय यंत्राचं झाकण उघडायचं नाही.