पेढीचा हिशेब सॉफ्टवेअरकडे सोपवताना

इंदूरच्या महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधील जुन्या घाऊक पेढीवर सॉफ्टवेअर आणायचे असेल, तर पहिला महिना संगणकाला हात न लावता मुनीमजींच्या शेजारी बसून काढावा, असे मी आग्रहाने सांगेन. खतावणीत आकडे असतातच. कोणत्या गिऱ्हाइकासाठी किती थांबायचे, हे मात्र समासात पेन्सिलीने लिहिलेले किंवा केवळ मुनीमजींच्या लक्षात असते. आमच्याकडे महूच्या एका दुकानदाराच्या नावापुढे ‘सोयाबीननंतर’ एवढाच शब्द होता. त्याची गिऱ्हाइके शेतकरी असल्यामुळे सोयाबीन मंडीत गेल्याशिवाय त्याच्या हाती पैसा येत नसे. तो शब्द आम्ही संगणकात घेतलाच नाही, आणि वीस वर्षांचा व्यवहार असलेल्या त्या माणसाला ऐन ऑगस्टमध्ये लागोपाठ तीन तगादे आपोआप गेले. तो दुखावला, त्याची खंत मला आजही आहे. म्हणून प्रत्येक खात्यात उधारीची मुदत आणि तिचे कारण यांसाठी स्वतंत्र रकाने ठेवावेत.

त्यानंतर नावे जुळवावीत, कारण एकच पार्टी वहीत दोन-तीन नावांनी सापडते. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, मध्य प्रदेशासाठी २३, आणि पुढची दहा अक्षरे पॅनची. त्यावरून दुबार खाती ओळखता येतात. नोंदणी नसलेल्या छोट्या दुकानदारांसाठी मोबाइल क्रमांक धरावा.

कृत्रिम बुद्धिमत्तेला काम देताना एक भेद कटाक्षाने पाळावा. भाषेचे मॉडेल, म्हणजे चॅटबॉटमागची कृत्रिम बुद्धिमत्ता, पुढचा शब्द संभाव्यतेवरून निवडते. त्यामुळे त्याने सांगितलेली बेरीज खात्रीशीर वाटली तरी चुकीची असू शकते. कर, व्याज आणि थकबाकी हिशेबाच्या सॉफ्टवेअरनेच काढावी. पत्राचा मसुदा, हिंदी-मराठी भाषांतर आणि जुन्या बिलांच्या छायाचित्रांवरून नोंदी उतरवणे, ही कामे मॉडेलला द्यावीत. मात्र हाताने लिहिलेला १ आणि ९ यांत त्याची गफलत होऊ शकते, तेव्हा प्रत्येक रक्कम मूळ बिलाशी ताडून पाहावी. गिऱ्हाइकांची नावे आणि येणी मोफत चॅटबॉटमध्ये टाकू नयेत.

पहिले सहा महिने वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालवावीत. महिनाअखेरीस येणे जुळवून पाहावे, आणि कोणताही तगादा मुनीमजींनी वाचून होकार दिल्यावरच पाठवावा.