पोस्टग्रेस रीस्टार्ट करण्याआधी या चुका टाळा

पोस्टग्रेस या डेटाबेसचे शेअर्ड_बफर्स (डेटा हाताशी ठेवायची मेमरी) वाढवले, रीस्टार्ट दिला आणि सर्व्हर उठलाच नाही. अशा वेळी सगळा संशय नव्या आकड्यावर जातो. पण रीस्टार्ट म्हणजे फक्त तुमचा आजचा बदल नव्हे. मधल्या काळात कॉन्फिग फाइलमध्ये ज्याने जे लिहून ठेवलं असेल, ते सगळं त्या एका क्षणी लागू होतं. चालू सर्व्हरला रीलोडच्या वेळी, म्हणजे बंद न पडता फाइल पुन्हा वाचताना, चुकीची किंमत दिसली तर तो लॉगमध्ये नोंद करतो आणि जुन्या किमतीवर काम रेटतो. सुरू होताना मात्र तीच चूक दिसली की तो थेट बंद पडतो. मेगाबाइटचं 'एमबी' कुणी छोट्या अक्षरांत लिहिलं, एवढंही पुरतं.

म्हणून आधी पीजी_फाइल_सेटिंग्ज हा व्ह्यू (क्वेरीने वाचता येणारा तक्ता) बघा. फाइलमध्ये आत्ता काय लिहिलंय आणि त्यात कुठे चूक आहे, ते तो ओळ क्रमांकासकट दाखवतो. मग रीलोड करा आणि पीजी_सेटिंग्जमधला पेंडिंग_रीस्टार्ट हा कॉलम तपासा; रीस्टार्टची वाट पाहणाऱ्या सेटिंग्ज त्यात कळतात. क्रम उलटा केलात तर उपयोग नाही, कारण रीलोड होईपर्यंत फाइलमधला नवा बदल या कॉलममध्ये दिसत नाही. तिथे एका नावाची अपेक्षा असताना तीन निघाली, तर उरलेली दोन कुणी आणि का टाकली ते विचारून घ्या. हे दोन्ही ९.५ आवृत्तीपासून आहे, तरी फार कमी लोक वापरतात.

ऑल्टर सिस्टम या एसक्यूएल आदेशाने केलेले सेटिंग्जचे बदल मुख्य फाइलमध्ये जात नाहीत. ते पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फमध्ये जातात, आणि ती फाइल शेवटी वाचली जात असल्याने तिचंच खरं होतं. मुख्य फाइल दहादा बदलूनही आकडा हलत नसेल, तर कारण बहुतेक तिथेच सापडतं. सर्व्हर उठत नसेल तेव्हा त्यातली चुकीची ओळ हाताने काढता येते. शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज (सुरू होतानाच लोड करायच्या लायब्ररींची यादी) ऑल्टर सिस्टमने भरताना प्रत्येक नाव वेगळ्या अवतरणात द्या. दोन नावं एकाच अवतरणात घातली की सर्व्हर त्यांना मिळून एकच लायब्ररी समजतो, ती त्याला सापडत नाही आणि तो सुरू होत नाही.

उबंटूवर अपग्रेडनंतर जुना आणि नवा असे दोन क्लस्टर (पोस्टग्रेसच्या स्वतंत्र मांडण्या) शिल्लक राहतात आणि माणूस जुन्याचीच फाइल बदलत बसतो. शो कॉन्फिग_फाइल विचारलं की खरा पत्ता कळतो. सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टमसीटीएलचं हिरवं 'ॲक्टिव्ह' पाहूनही निर्धास्त होऊ नका, ते सगळ्या क्लस्टरांवरच्या नावापुरत्या सेवेचं असतं. क्लस्टर चालू आहे की नाही ते पीजी_एलएसक्लस्टर्स सांगतं.

वेळेबद्दल. "रात्री एकला करू" हे इंदूरच्या सियागंजमधल्या घाऊक दुकानाच्या बिलिंगला ठीक. रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफ्यातल्या खाण्याच्या दुकानाचं ऑर्डर सॉफ्टवेअर असेल तर ती तिथली ऐन गर्दीची वेळ. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा राजवाड्याकडचा धंदा बंद असतो, त्यामुळे तो दिवस मोहाचा वाटतो. पण काही अडलं आणि सर्व्हर राजवाड्याजवळच्या ऑफिसात असला, तर त्या गर्दीतून तिथपर्यंत पोहोचणार कोण, हेही ठरवून ठेवा.

बंद करण्याआधी चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर लिहिणारा आदेश) चालवा, म्हणजे बंद व्हायला कमी वेळ लागतो. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत लांबलेला व्यवहार (ट्रान्झॅक्शन) दिसला तर थांबा, कारण बंद करण्याची 'फास्ट' पद्धत तो मध्येच तोडून मागे फिरवते. ९.५ पासून वेगळं काही सांगितलं नाही तर हीच पद्धत वापरली जाते. घाईने तडकाफडकी बंद करणारी इमिजिएट पद्धत किंवा किल -९ वापरलंत, तर पुढच्या वेळी सुरू होताना रिकव्हरीत वेळ जाईल.

स्टँडबाय (मुख्य सर्व्हरची चालती प्रत) असेल तर मॅक्स_कनेक्शन्स, म्हणजे एका वेळच्या जोडण्यांची मर्यादा, वाढवताना आधी स्टँडबायवर वाढवा, मग प्रायमरीवर, म्हणजे मुख्य सर्व्हरवर. कमी करताना उलट. खरं तर शंभरचे पाचशे करण्यापेक्षा थोड्या जोडण्या अनेकांत वाटून देणारा पीजीबाउन्सर बसवणं बहुतेक ठिकाणी बरं.

रीस्टार्टनंतर शेअर्ड_बफर्स रिकामे असतात, त्यामुळे सुरुवातीच्या क्वेरी संथ चालतात. तेवढ्यावरून नवा आकडा वाईट ठरवून लगेच मागे फिरू नका. ही अडचण नेहमीची असेल तर पीजी_प्रीवॉर्मचं ऑटोप्रीवॉर्म लावता येतं; ते आधीचा डेटा मेमरीत परत भरतं. पीजी_प्रीवॉर्म हे नावही शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीजमध्येच लिहावं लागतं, तेव्हा याच रीस्टार्टमध्ये उरकून घ्या.