घरच्या बोटीसाठी रबरी डिंगी घेताय? या चुका टाळा

आमची अठ्ठावीस फुटी शिडाची बोट मांडव्याजवळ बोयाला, म्हणजे तळाशी नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधलेली असते. धक्क्यावरून तिथवर जायला पहिली डिंगी, म्हणजे हवा भरायची छोटी होडी, घेतली, ती दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर, आत बसून पाहून. पिवळीधमक, मऊ, आणि बाजूला '४ माणसे' असं छापलेलं. पहिल्याच रविवारी धक्क्यावर जाळं सांधत बसलेल्या एका म्हाताऱ्या तांडेलानं तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ही पोरांना न्हाणीत खेलाला आनली काय?" मला राग आला. तीन आठवड्यांनी पायरीवरच्या कालवांनी तिचा तळ उभा चिरला, तेव्हा राग गेला.

आपल्याकडे डिंगीचे हाल पाण्यात कमी आणि काठाला जास्त होतात. पण आपण विकत घेताना विचार करतो तो पाण्याचाच: किती पळेल, किती माणसं घेईल. काठाला काय होणार याचा विचार कोणी करत नाही, आणि निम्म्या चुका तिथूनच सुरू होतात.

भरती-ओहोटी न पाहता घेणे

परदेशी व्हिडिओंमध्ये डिंगी तरंगत्या धक्क्याला लागते. पाणी चढलं-उतरलं की धक्काही सोबत चढतो-उतरतो. मुंबई बंदरात आणि रायगडच्या किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी दगडी किंवा काँक्रीटच्या पायऱ्या असतात, आणि मोठ्या उधाणाला पाण्याची पातळी चार मीटरच्या वर खालीवर होते. वरच्या पायऱ्या कोरड्या, मधल्या शेवाळलेल्या, खालच्या कालवांनी भरलेल्या. कालवाची कड ब्लेडसारखी असते.

कोळीवाड्यातला जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. म्हणजे अष्टमीला सहाच्या आसपास, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या. आता सहल आठवा. पौर्णिमेच्या रविवारी दुपारी तुडुंब पाण्यात वरच्या पायरीवरून ऐटीत निघालात, तर संध्याकाळी सहाला परत याल तेव्हा नेमकी पूर्ण ओहोटी असते. मुलं पेंगुळलेली, खाली चिखल आणि कालवं. डिंगीची परीक्षा या वेळेची.

म्हणून खरेदी करताना ती उलटी करून बघा. तळाला मधोमध आणि कडेनं फिरणाऱ्या हवा भरायच्या नळ्यांच्या खालच्या बाजूला जाड कापडाचा जादा थर आहे का? धक्क्याला घासणाऱ्या बाजूला रबरी पट्टी सलग फिरली आहे का? हे नसेल तर बाकीचं काही बघू नका. मागच्या फळीला लावायच्या चाकांचा मोह किहीम-नागावच्या वाळूत ठीक आहे, चिखलात ती चाकं नांगराचं काम करतात.

आणि डिंगी धक्क्याला बांधून जाताना ती धक्क्याच्या तुळईखाली किंवा शिडीखाली सरकणार नाही असं बघा. भरती चढते, डिंगी खाली अडकते आणि पाणी तिला वर दाबत राहतं. मागच्या बाजूनं छोटा नांगर टाकून तिला पायऱ्यांपासून दूर ठेवणं हा सोपा उपाय आहे.

'४ माणसे' वर विश्वास ठेवणे

पाटीवरचा आकडा साधारण ७५ किलोचं माणूस आणि शांत पाणी धरून काढलेला असतो. त्यात बर्फाची पेटी, पाण्याचा २० लिटरचा कॅन आणि आजीनं दिलेला डबा धरलेला नसतो.

टेप घेऊन आतलं माप काढा. २.३ मीटर लांबीच्या डिंगीत नळ्याच ४० सेंटिमीटर जाडीच्या असतात. पुढची नळी, मागची फळी वजा केली की आत उरते जेमतेम दीड मीटर लांब आणि साठ-सत्तर सेंटिमीटर रुंद जागा. लोकलच्या चौथ्या सीटवर बसायची सवय असेल तर बसाल कसेबसे. दोघांसाठी ही डिंगी उत्तम. चौघांच्या कुटुंबानं २.७ ते २.९ मीटरच्या खाली जाऊ नये, आणि बारीक नळ्यांची घेऊ नये. दुपारी वायव्येचा वारा उठला की बारीक नळीवरून येणारं पाणी थेट मांडीवर येतं.

दोन फेऱ्या मारायला मात्र लाजू नका.

उचलणार कोण, हे न ठरवणे

यावर आमच्या घरात खरं भांडण झालं. मला ॲल्युमिनियमच्या कडक तळाची हवी होती. ती पाणी छान कापते, मुलं तिच्यात उभी राहू शकतात, कालवांचीही भीती कमी. पण अशा डिंगीचं वजन सहज ४५-५० किलो भरतं, म्हणजे सिमेंटची एक गोण. ती डुलणाऱ्या बोटीवर कोण चढवणार? बोटीच्या मागे डिंगी टांगायचे डेव्हिट असतील तर जरूर घ्या. नसतील तर ती कायम मागे ओढत न्यावी लागेल, बोटीचा वेग खाईल आणि लाट वाढली की दोर तोडायला बघेल. ओढताना निदान मशीन, म्हणजे डिंगीच्या मागच्या फळीला लावलेलं इंजिन, तरी काढून बोटीवर घ्या.

हवेच्या तळाची डिंगी पंचवीस-तीस किलोच्या घरात असते, दोघांना उचलता येते, गुंडाळून केबिनमध्ये जाते. तिच्या तळात हजारो दोरे विणलेले असतात, त्यामुळे ०.७-०.८ बार (बार हे दाबाचं एकक) हवा भरली की तो फळीसारखा ताठ होतो. आम्ही शेवटी हीच घेतली, म्हणजे बायकोनं घेतली. फळ्याफळ्यांच्या तळाची सगळ्यात हलकी आणि स्वस्त, पण भरलेल्या डिंगीत पायाखाली पाणी हलताना जाणवतं आणि घरातली ज्येष्ठ मंडळी त्यात पाय ठेवायला तयार होत नाहीत.

आपलं ऊन विसरणे

कापड दोन जातींचं असतं: पीव्हीसी आणि हायपालॉन. ड्यूपाँट कंपनीनं हायपालॉनचं उत्पादन २०१० मध्ये थांबवलं, पण त्याच जातीच्या रबराला लोक अजून त्याच नावानं ओळखतात. पीव्हीसी स्वस्त आणि हलकं असतं, पण वर्षानुवर्षं उन्हात राहिलं की चिकट होऊ लागतं. हायपालॉन ऊन आणि पेट्रोल दोन्ही जास्त सोसतं, किंमतही तशीच.

माझं मत: डिंगी उघड्यावर राहणार असेल तर हायपालॉन, आणि दर वेळी गुंडाळून सावलीत जाणार असेल तर चांगल्या जाडीचं पीव्हीसी पुरतं. मात्र पीव्हीसीचे जोड गोंदानं चिकटवलेले नकोत, उष्णतेनं वितळवून जोडलेले हवेत. आपल्या दमट उकाड्यात गोंद आधी जीव सोडतो. कुठलीही घेतलीत तरी बैलाला घालतात तशी कापडाची झूल शिवून घ्या. पावसाळ्यात बोट वर काढाल तेव्हा डिंगी गोड्या पाण्यानं धुऊन, पूर्ण वाळवून ठेवा. घडीत वाळू राहिली तर ती चार महिने कापड कुरतडते.

हवा गेली म्हणजे भोक पडलं, असं मानणे

नळ्यांत साधारण ०.२५ बार हवा भरतात. गाडीच्या टायरच्या साधारण दहावा हिस्सा, त्यामुळे पेट्रोलपंपावरच्या हवेचा विचारही करू नका. सकाळी २५ अंशांना ०.२५ भरलेली डिंगी उन्हात ५० अंशांना तापली की आतला दाब ०.३५ च्या आसपास जातो आणि शिवणी ताणल्या जातात. उन्हात ठेवताना थोडी हवा सोडा. उलट, उन्हात टणक झालेली डिंगी पाण्यात टाकली की दहा मिनिटांत मऊ पडते. ती फुटलेली नसते, गार झालेली असते. पुन्हा पंप मारा.

रात्रभरात खरंच हवा जात असेल तर आधी साबणाचं पाणी व्हॉल्व्हवर लावा. बऱ्याचदा बुडबुडे तिथंच येतात. वाळूचा कण अडकलेला असतो किंवा व्हॉल्व्ह सैल असतो, आणि तो घट्ट करायचा पाना वेगळा मिळतो. मग जोड, मग तळ. जुनी डिंगी घेत असाल तर एकच कप्पा भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी शेजारचा रिकामा कप्पाही फुगलेला दिसला तर आतला पडदा गेलेला आहे. असा सौदा सोडून द्या. ठिगळाचा गोंदही कापडाच्या जातीप्रमाणे लागतो, एकाचा दुसऱ्याला चालत नाही.

मशीन मोठं घेणे

पाटीवर लिहिलेल्या हॉर्सपॉवरच्या वर जाऊ नका. बोया ते धक्का एवढ्यासाठी २.५ पुरतं, आणि ते एका हातानं उतरवता येतं. मागच्या फळीची उंची मोजूनच आखूड किंवा लांब दांड्याचं मशीन ठरवा. होंडाचं २.३ चं मशीन हवेवर थंड होतं, गढूळ पाण्यात हा मोठा फायदा. बाकीच्यांत मागून पडणारी पाण्याची धार बघत राहा. ती बारीक झाली की चिखल किंवा प्लास्टिकची पिशवी ओढली गेली आहे, ताबडतोब बंद करा. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, ते दमट हवेतलं पाणी शोषतं. दिवसाच्या शेवटी पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत मशीन चालू द्या.

मशीन मस्त चालू होऊन पाच-दहा मिनिटांनी मान टाकत असेल तर मेकॅनिकला फोन करण्याआधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा छोटा स्क्रू उघडा आहे का बघा. आम्ही एकदा मांडव्यासमोर पाऊण तास वल्ही मारली होती.