शाळेच्या मैदानावर फ्रान्समधला खंदक

पहिल्या महायुद्धाचा धडा सुरू झाला की मुलं आधी तोफा आणि विमानांबद्दल विचारतात. विचारू द्या. पण खंदकातला शिपाई बहुतेक वेळ लढत नव्हता, थांबलेला होता. ओलीत, उवांत, डोक्यावर तोफगोळे पडत असताना. त्या थांबण्यानेच माणसं खचली. हे फळ्यावरच्या आकृतीतून कळत नाही, म्हणून अमळनेर तालुक्यातल्या आमच्या शाळेत मी मैदानावरच खंदक मांडते. डिसेंबरातली सकाळ, दोन तास आणि पीटीच्या सरांची मदत, एवढं पुरतं.

पहिली गोष्ट, खणायचं नाही. आपली काळी माती वाळली की भेगाळते, भिजली की फुगते, आणि सरळ कापलेली कड कधी ढासळेल याचा नेम नाही. विहिरीचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा. शिवाय न खणणं इतिहासाला धरूनच आहे. १९१४च्या ऑक्टोबरपासून लाहोर आणि मेरठ डिव्हिजनचे हिंदी शिपाई फ्रान्स-बेल्जियमच्या ज्या सखल पट्ट्यात लढले, तिथे थोडं खणलं की पाणी लागायचं. म्हणून फेस्टुबर्ट, न्यूव्ह शापेलकडे मातीच्या गोण्या रचून आडोशाच्या भिंती उभारल्या होत्या. आपणही तेच करायचं. व्यापाऱ्याकडून जुनं बारदान मागून आणा (मागितलं तर देतात, विकत घेऊ नका), मुलांकडून माती भरून घ्या आणि बसलेल्या मुलाचं डोकं झाकेल एवढी भिंत रचा. गोण्या विटांसारख्या सांधामोड करून लावा, नाहीतर पहिलं पोरगं टेकताच भिंत आडवी.

भिंत रचण्याआधी फक्की मारून आराखडा काढा. इथे घाई नको. खंदक सरळ रेषेत नसतो. वीसेक फूट सरळ, मग काटकोनात वळण, मग पुन्हा सरळ. का, ते सांगू नका, दाखवा. आधी एक सरळ पट्टा आखा, त्यात मुलं ओळीने उभी करा आणि एका टोकाने चेंडू जमिनीवरून जोरात सोडा. तो सगळ्यांच्या पायांतून जातो. तोच चेंडू वळणाच्या खंदकात पहिल्या कोपऱ्यावर अडतो. शत्रू एका टोकाला घुसून मशिनगन चालवू लागला किंवा आत गोळा फुटला, तर एकाच तुकड्याचं नुकसान व्हावं, ही त्यामागची युक्ती. एवढं दाखवल्यावर व्याख्या पाठ करून घ्यावी लागत नाही.

रुंदी तीन फूट ठेवा. वर्गातली धिप्पाड पोरं मुद्दाम आत बसवा. "सर, आठे बसाले बी जागा नही," असं पीटीच्या सरांना कुणीतरी म्हणतंच. मग त्याच जागेत दोघांना जखमी माणूस उचलून वळणावरून न्यायला सांगा. स्ट्रेचर म्हणून दोन काठ्या आणि गोधडी चालते.

आता थांबण्याचा भाग. सगळ्यांनी भिंतीआड वाकून, न बोलता पंधरा मिनिटं बसायचं. पत्र्याच्या तुकड्यावर एक मुलगा अधूनमधून दणका घालेल. कधी लागोपाठ, कधी तीन मिनिटं काहीच नाही. दणक्यापेक्षा मधली शांतता जास्त छळते, हे मुलं आपणहून बोलतात. तेव्हा सांगा की १९१६मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या लढाईआधी ब्रिटिश तोफा जर्मन खंदकांवर सात दिवस चालू होत्या आणि सुमारे १५ लाख गोळे टाकले गेले. ज्याला भीती वाटेल त्याला उठून जायची मुभा आधीच द्या, आणि कुणी हसलं तर तिथल्या तिथे थांबवा.

कारण पुढचा विषय तोच आहे. अंगावर ओरखडा नसलेले शिपाई थरथरू लागले, मुके झाले, काहींना चालता येईना. चार्ल्स मायर्स या डॉक्टरने १९१५मध्ये यावर लिहिलं आणि 'शेल शॉक' हे नाव रूढ झालं. आधी वाटलं, स्फोटाच्या हादऱ्याने मेंदूला इजा होते. पण गोळ्यापासून लांब असलेल्यांनाही हा त्रास दिसू लागला. सैन्याने पुष्कळांना भित्रे ठरवलं. पळून जाणं, भित्रेपणा अशा गुन्ह्यांसाठी गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने माफी दिली ती २००६मध्ये! मुलांना हे पटत नाही. पटू नयेच.

पायांसाठी एक जुना बूट आणा. आधी तराजूवर तोला. मग केळीच्या बागेतल्या पाणी दिलेल्या मातीत दोन-तीनदा दाबून पुन्हा तोला. पावसाळ्यात शेतात गेलेल्या पोरांना हे नवं नाही, पण काट्यावर आकडा दिसला की ती गप्प होतात. असा ओला, घट्ट बूट दिवसरात्र पायात राहिला की पाय बधिर होतो, सुजतो, निळा पडतो, फोड येतात, शेवटी सडतो आणि कापावा लागतो. उपाय साधाच होता: मोजे बदलणं, पाय कोरडे करून व्हेलचं तेल चोळणं. पुढे सैनिकांचे पाय तपासणं हे अधिकाऱ्यांचं रोजचं काम ठरलं.

मराठा पलटणींचं नाव मुलं विचारणारच. त्यासाठी नकाशात इराकमधलं कूत दाखवा. १०३वी, ११०वी आणि ११७वी मराठा या पलटणी तिथे तुर्की सैन्याच्या वेढ्यात अडकल्या होत्या, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. खंदकांत तैग्रिसच्या पुराचं पाणी, पोटात अन्न नाही. बऱ्याच हिंदी शिपायांनी धर्मापोटी घोड्याचं मांस खायला नकार दिला, आणि स्कर्व्हीने, म्हणजे 'क' जीवनसत्त्व न मिळाल्याने होणाऱ्या रोगाने, त्यांना गाठलं.

शेवटच्या अर्ध्या तासाला गावातले निवृत्त फौजी बोलवा. आदल्या दिवशी घरी जाऊन काय दाखवणार ते सांगा, आणि पत्रा वाजवणं ते येण्याआधी उरकून घ्या. "किती मारले?" हा प्रश्न बंद, हे मुलांना बजावून ठेवा. रात्रीच्या ड्युटीला जागे कसे राहायचे, घरचं पत्र किती दिवसांनी यायचं, ओले कपडे कुठे वाळवायचे, असं विचारायला सांगा. काकांना बोलायचं नसेल तर चहा द्या, मुलांनी रचलेली भिंत दाखवा. बहुतेक फौजी त्यात दोन चुका काढतातच, आणि तिथून गप्पा सुरू होतात.