खगोलशास्त्रातल्या नोकऱ्या आणि फेलोशिप: मुंबईत राहून माग कसा काढाल?

'खगोलशास्त्रात नोकऱ्याच नसतात,' हे वाक्य बारावीच्या निकालानंतर घरी आलेला कुणी ना कुणी काका टाकतोच. नोकऱ्या कमी असतात, हे खरं. पण त्या नसतात असं नाही, त्या हंगामी असतात. वर्षातल्या ठरावीक महिन्यांत जाहिराती निघतात, त्या वेळी अर्ज केला तर केला, नाहीतर थेट पुढच्या वर्षी. हुशार मुलं मागे पडतात ती बहुतेक वेळा मार्कांमुळे नाही, तर तारीख उलटून गेल्यावर त्यांना बातमी कळते म्हणून. म्हणून हा लेख अभ्यास कसा करावा यावर नाही, माग कसा ठेवावा यावर आहे.

आधी दार ठरवा

खगोलशास्त्र आणि ग्रहविज्ञान यांची दारं वेगवेगळी आहेत. तारे, दीर्घिका, कृष्णविवरं यांच्याकडे जायचं तर वाट भौतिकशास्त्रातून जाते. ग्रहविज्ञानाला मात्र भूशास्त्र, रसायनशास्त्र, वातावरणशास्त्र यांतूनही शिरता येतं, आणि हे आपल्याकडच्या भूशास्त्राच्या मुलांना कुणी सांगतच नाही. चांद्रयान-3 च्या रोव्हरवरचं एपीएक्सएस हे उपकरण अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीने, म्हणजे पीआरएलने बनवलं. ते चंद्राच्या मातीत कोणती मूलद्रव्यं किती आहेत हे मोजत होतं. आलेल्या आकड्यांचा अर्थ लावायला खडक कळणारी माणसं लागतात. आपलं लोणारही त्यातलंच. साधारण 1.8 किलोमीटर व्यासाचं हे विवर दख्खनच्या बेसॉल्टमध्ये, अशनीच्या आघाताने झालेलं आहे. मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बेसॉल्टचाच, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे परदेशातून बुलढाण्यात येतात. मुंबईतला भूशास्त्राचा विद्यार्थी तिथे एका रात्रीच्या एसटीने पोचू शकतो.

कॅलेंडरवर चार खुणा करा

घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने खुणा करा, फोनमधल्या आठवणींवर विसंबू नका. नेमक्या तारखा दर वर्षी थोड्या पुढेमागे होतात, महिने सहसा बदलत नाहीत.

ऑगस्ट-सप्टेंबर: शाळा-ज्युनिअर कॉलेजच्या मुलांसाठी खगोलशास्त्र ऑलिम्पियाडच्या पहिल्या परीक्षेची नोंदणी. परीक्षा नोव्हेंबरात असते. पुढचे टप्पे मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र घेतं. 2025 चं आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड मुंबईतच झालं, तेव्हा यात नवखं काही राहिलेलं नाही. एमएस्सीच्या मुलांनी याच सुमारास गेट या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायचा.

सप्टेंबर ते डिसेंबर: हा खरा हंगाम. परदेशातल्या पीएचडी आणि पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनाच्या जागांच्या) बहुतेक जाहिराती याच काळात निघतात आणि याच काळात बंदही होतात. पोस्टडॉकसाठी जगभरातल्या जागा एकत्र बघायच्या तर अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं जॉब रजिस्टर उघडा, तिथे युरोप-आशियातल्या जागाही असतात. पोस्टडॉकसाठीची नासाची हबल फेलोशिप कुठल्याही देशाच्या नागरिकाला खुली आहे. युरोपियन स्पेस एजन्सीच्या रिसर्च फेलोशिपला मात्र सदस्य देशांचं नागरिकत्व लागतं, तिथे भारतीयांनी वेळ दवडू नये. आपल्याकडे टीआयएफआरची, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा डिसेंबरात असते.

जानेवारी-फेब्रुवारी: उन्हाळी प्रकल्पांचे अर्ज. टीआयएफआर, पुण्याची आयुका (खगोलशास्त्राचं आंतरविद्यापीठ केंद्र) आणि एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र) यांच्या सुट्टीतल्या विद्यार्थी योजना याच सुमारास निघतात. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर 'आता समर इंटर्नशिप बघू' म्हणणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. गेट आणि जेस्टच्या (संशोधन संस्थांतल्या पीएचडीसाठीची सामाईक चाचणी) परीक्षाही याच दिवसांत.

मे-जून: पीआरएलसारख्या संस्थांच्या मुलाखती, आणि वर्षभर चिल्लर-चिल्लर निघणाऱ्या प्रकल्पांतल्या जागा.

रोज सकाळी पंधरा मिनिटं

खगोलशास्त्रातले शोधनिबंध छापून येण्याच्या आधी आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर येतात, फुकट. भारतीय वेळेनुसार सोमवार ते शुक्रवार पहाटे नवी यादी लागते, अमेरिकेतल्या उन्हाळ्यात साडेपाचला आणि हिवाळ्यात साडेसहाला. ग्रहांचा विभाग वेगळा आहे, तोच उघडा. बदलापूरहून सुटलेली लोकल डोंबिवलीला पोचेपर्यंत त्या दिवसाची शीर्षकं वाचून होतात.

निबंध पूर्ण वाचायची गरज नाही. शीर्षक वाचा, मग लेखकांच्या नावाखाली संस्था बघा, मग सरळ शेवटी जाऊन आभार वाचा. निधी कुठल्या योजनेतून आला, हे तिथे लिहिलेलं असतं. दोन महिने हे केलंत की कुठला गट वाढतोय, कुठे पैसा आलाय, कुणाकडे तीन पीएचडी विद्यार्थी एकदम बाहेर पडलेत, हे आपोआप कळायला लागतं. जाहिरात निघेल कुठे, याचा अंदाज इथूनच येतो.

वर्तमानपत्रातली बातमीही अशीच वाचायची. 'विश्वाचं कोडं उलगडणार' हा मथळा सोडून द्या, किती कोटी मंजूर झाले ते बघा. एप्रिल 2023 मध्ये गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या, हिंगोली जिल्ह्यातल्या लायगो-इंडिया प्रकल्पाला सुमारे 2,600 कोटी मंजूर झाले. जानेवारी 2024 मध्ये स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे या आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बिणीतल्या भारताच्या सहभागाला 1,250 कोटी मिळाले. जागा पैशाच्या मागून येतात, कधी वर्षाने, कधी तीन वर्षांनी. आणि त्यातल्या पुष्कळ जागा सॉफ्टवेअर, इलेक्ट्रॉनिक्स आणि डेटा हाताळणाऱ्यांसाठी असतात, नुसत्या खगोलशास्त्रज्ञांसाठी नाही. इस्रोची 'सायंटिस्ट-इंजिनिअर' भरती तर मुख्यतः इंजिनिअरांचीच असते. फिजिक्स करून थेट इस्रोत जायची स्वप्नं बघणाऱ्यांनी आधी त्यांची पात्रतेची अट डोळ्यांनी वाचावी.

जाहिरात तळापासून वाचा

प्रकल्पातल्या जेआरएफची, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोची जाहिरात दीड-दोन पानांची असते. मुलं वरचं नाव आणि पगार वाचतात. तुम्ही खालच्या बारीक टायपातल्या अटींपासून सुरुवात करा. पहिली बघायची गोष्ट म्हणजे जागा 'प्रकल्पाच्या कालावधीपुरती' आहे का आणि त्यातले किती महिने उरलेत. तीन वर्षांच्या प्रकल्पात दोन वर्षं सरली असतील तर तिथे पीएचडी पूर्ण होणार नाही. अनुभवासाठी मात्र ती जागा उत्तम. दुसरी गोष्ट, पीएचडीला नोंदणी करता येईल का. हे लिहिलं नसेल तर फोन करून विचारा, लाजू नका. तिसरी, नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा गेट 'आवश्यक' आहे की 'प्राधान्य'. या एका शब्दावर अर्ज भरायचा की नाही ते ठरतं. वयाची अट आणि ती कुठल्या तारखेला मोजायची हेही तिथेच असतं.

पैशाचं म्हणाल तर जानेवारी 2023 पासून जेआरएफला महिना 37,000 आणि एसआरएफला (वरिष्ठ संशोधन फेलोला) 42,000 रुपये असा केंद्राचा दर आहे, घरभाडे भत्ता वेगळा. मुंबईत भाड्याची खोली घेऊन यात ओढाताणच होते, म्हणून हॉस्टेल आहे का हा प्रश्न मुलाखतीआधीच विचारून घ्यावा.

शास्त्रज्ञाला लिहायचं पत्र

'आदरणीय सर, मला लहानपणापासून अवकाशाची प्रचंड आवड आहे, कृपया इंटर्नशिप द्यावी.' अशी पत्रं प्रत्येक शास्त्रज्ञाकडे ढिगाने येतात आणि तशीच पडून राहतात. त्याऐवजी असं लिहा: 'मी बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चांद्रयान-2 च्या ओएचआरसी कॅमेऱ्याची छायाचित्रं इस्रोच्या प्रदान पोर्टलवरून घेऊन एका छोट्या भागातली विवरं पायथनमध्ये मोजली. सावलीतल्या कडांपाशी मोजणी चुकते आहे. आलेख सोबत जोडला आहे. तुमच्याकडे मे-जूनमध्ये यावर काम करता येईल का?' एवढंच. सीव्ही एका पानाचा. या पत्राला उत्तर येतं, कारण त्यात केलेलं काम आहे आणि अडलेली जागा आहे. डेटा फुकट मिळतो, नोंदणी तेवढी करावी लागते. पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणंही ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांना खुली होतात.

शिफारसपत्र मागायचं तर निदान तीन आठवडे आधी मागा. आपल्या प्राध्यापकांना परीक्षा, पेपर तपासणी, नॅकचं कॉलेज मूल्यांकन असं सगळं असतं.

शहरात कुठे जायचं

कुलाब्याच्या टीआयएफआरमधली जाहीर व्याख्यानं चुकवू नका. नेव्हीनगरला गेटवर ओळखपत्र लागतं. अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय खगोल उपग्रहावरची क्ष-किरण उपकरणं बनवणारी माणसं तिथलीच, आणि व्याख्यानानंतर चहाला ती सहज बोलतात. जुहूच्या पृथ्वी थिएटरमधला 'चाय अँड व्हाय' हा विज्ञानगप्पांचा कार्यक्रम टीआयएफआरचाच उपक्रम. पवईला आयआयटी मुंबईचा गट लडाखमधल्या हानलेची 70 सेंटिमीटरची दुर्बीण इथे बसून चालवतो. कलिन्याला मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभागाच्या यूएम-डीएई केंद्रात बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित एमएस्सी अभ्यासक्रम आहे, त्याला नेस्ट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. वांगणीला खगोल मंडळाच्या आकाशनिरीक्षणाच्या रात्री आहेतच. त्यातून नोकरी मिळत नाही, पण आकाश ओळखीचं होतं. रोज नुसती स्क्रीन बघणाऱ्याला तेही हवंच.

एक सावधगिरी. 'नासा प्रमाणपत्र' किंवा 'लघुग्रह शोधा' म्हणून हजारो रुपये मागणाऱ्या जाहिराती शाळा-कॉलेजांच्या ग्रुपवर फिरतात. लघुग्रह शोधण्याचा मूळ आंतरराष्ट्रीय उपक्रम सहभागींकडून पैसे घेत नाही. त्यातली नोंदही आधी तात्पुरती असते, पक्की व्हायला वर्षं जातात. पैसे मागितले की तिथेच थांबा.

दोन ऑफर हातात आल्या तर

घाबरून पहिलीला लगेच होकार देऊ नका. पोस्टडॉकसाठी 15 फेब्रुवारीच्या आधी उत्तराची सक्ती करू नये, असा खगोलशास्त्रातला संकेत आहे आणि बऱ्याच संस्था तो पाळतात. अमेरिकेतल्या पीएचडीसाठी तशीच तारीख 15 एप्रिल आहे. तोवर दुसऱ्या संस्थेला नम्रपणे लिहून निर्णय कधी कळेल ते विचारता येतं. आणि एकदा होकार दिलात की उरलेल्या ठिकाणी त्याच दिवशी नकार कळवा. तिथे कुणीतरी प्रतीक्षायादीत असतं.