पूरपट्ट्यातील मुलांची तयारी

कोल्हापूर-सांगलीच्या नदीकाठी पावसाने जोर धरला की घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : ‘पाणी किती फुटांवर आले?’ या प्रश्नामागची धास्ती मुलांना जाणवते, पण आकड्याचा अर्थ त्यांना कुणी सांगत नाही. म्हणून तयारीची सुरुवात तेथूनच करावी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेसाठी याच पातळ्या ४० आणि ४५ फूट आहेत. कितव्या फुटाला घर सोडायचे आणि कुणाकडे जायचे हे मुलांदेखत ठरवावे, म्हणजे मध्यरात्री उठवून नेण्याची वेळ आली तरी आपण आत्याकडे का निघालो आहोत, हे त्यांना ठाऊक असते. ‘काही होत नाही’ असे आश्वासन मात्र देऊ नये, कारण २०१९ किंवा २०२१ चा पूर पाहिलेल्या मुलाला ते पटत नाही आणि पुढे आपल्या इतर बोलण्यावरचाही त्याचा विश्वास उडतो.

प्रत्येक मुलाची एक लहान पिशवी जूनमध्येच भरून ठेवावी. तिच्यात कपड्यांचा एक जोड, नेहमीची औषधे, बॅटरी, शिट्टी आणि एखादे आवडते खेळणे असावे. खेळण्याला जागा नाही असे म्हणू नये. घरातील दोन मोबाइल क्रमांक आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक पाठ करून घ्यावा. अगदी लहान मुलांच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून ठेवावी. वाहत्या पाण्यात पाय घालायचा नाही आणि ओल्या भिंतीवरील बटणाला हात लावायचा नाही, हे दोन नियम वारंवार सांगावेत.

गोठ्यातील जनावरांचे काय होणार, ही मुलांची मोठी चिंता असते, आणि मोठी माणसेही जनावरांपायी घर सोडायला तयार होत नाहीत. जनावरांना कुठे हलवायचे हेही आधीच ठरवून मुलांना सांगावे.

पाणी ओसरल्यावर घरात आधी मोठ्यांनीच जावे, कारण गाळात आणि अडगळीत साप असू शकतात. चिखलात काम करताना जखम उघडी राहू देऊ नये आणि पाणी उकळूनच प्यावे. त्यानंतरच्या दिवसांत मूल रात्री दचकून उठते, अंथरूण ओले करते, आईला सोडत नाही किंवा पुराचाच खेळ पुन्हा पुन्हा खेळते. त्याला रागावू नये, खेळ थांबवू नये आणि पुराचे व्हिडिओ त्याच्यासमोर लावू नयेत. जेवण, झोप आणि शाळा यांच्या वेळा जितक्या लवकर पूर्ववत होतील, तितके मूल लवकर सावरते. महिना उलटूनही भीती कमी झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून समुपदेशकाशी बोलावे.